स्क्रबची बरणी दर पावसाळ्यात बिघडते? कृती बदलण्याआधी झाकण उलटं करून बघा

सलग तीन वर्षं माझ्याकडे हेच होत होतं. एप्रिल-मेमधे केलेला साखर आणि खोबरेल तेलाचा स्क्रब छान टिकायचा, महिना-दीड महिना त्याला काही व्हायचं नाही, आणि जूनचा दुसरा आठवडा उलटला की त्याच मापाने, त्याच बरणीत, त्याच दुकानातल्या साखरेचा केलेला स्क्रब आठ-दहा दिवसांत खराब. कधी झाकण उघडलं की कुबट वास, कधी तळाला पाणी सुटलेलं, एकदा तर कडेने बारीक काळे ठिपके. पहिल्या वर्षी मी तेलाला दोष दिला आणि घाण्याचं तेल आणलं. दुसऱ्या वर्षी साखरेला, म्हणून खडीसाखर कुटून घातली. तिसऱ्या वर्षी एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून व्हिटॅमिन ईच्या चार कॅप्सूल फोडून टाकल्या, टी ट्री ऑइलचे थेंब टाकले, आणि जुलैत परत तेच. आमच्या सोसायटीतल्या तिघी-चौघींकडेपण हेच चाललेलं, त्यातल्या दोघींनी तर घरी करणंच सोडून दिलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आता मला कारण नक्की कळलंय आणि उपाय सोपा आहे.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळच्या आतल्या बाजूला राहतो. बाथरूमची खिडकी डक्टमधे उघडते, म्हणजे ऊन कधीच नाही आणि वारापण नावाला. पावसाळ्यात सकाळी चार माणसांच्या गरम पाण्याच्या आंघोळी झाल्या की दुपारी बारापर्यंत टाइल्सवर पाणी दिसतं, टॉवेल वाळत नाही, कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते. ठाण्यातल्या बहुतेक फ्लॅटमधे हीच परिस्थिती असणार. आणि त्या बाथरूममधल्या शेल्फवर माझी स्क्रबची बरणी.

तर गेल्या वर्षी जूनमधे मी एकाच घाण्यात केलेला स्क्रब तीन सारख्या छोट्या बाटल्यांमधे भरला. एक नेहमीसारखी बाथरूममधे, ओल्या हातानेच काढायचा. दुसरी बाथरूममधेच पण काढायला कोरडा चमचा. तिसरी स्वयंपाकघरात वरच्या कपाटात, कोरडा चमचा, आणि लागेल तेवढाच वाटीत घेऊन आंघोळीला जायचं. पहिल्या बाटलीला नवव्या दिवशी वास आला. दुसरीला सोळा-सतरा दिवसांनी, आणि गंमत म्हणजे स्क्रब वरून अगदी चांगला दिसत होता, पण झाकण उलटं केलं तर झाकणाच्या आतल्या रबराच्या चकतीखाली काळी रेघ गोल फिरलेली. नखाने ती चकती उचलली तर खाली पाणी होतं, थेंब-दोन थेंब. तिसरी बाटली ऑगस्टच्या मध्यापर्यंत टिकली आणि संपली.

म्हणजे तेलात दोष नव्हता आणि साखरेतही नव्हता. पाणी शिरत होतं. हाताने शिरत होतं आणि झाकणाने शिरत होतं. बाथरूममधली वाफ झाकणाच्या आत जाते, थंड झाली की तिचे थेंब होतात आणि खाली पडतात.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर आईने आपल्याला काय ऐकवलं असतं ते आठवा. लोणच्याची बरणी आपण कधी मोरीत ठेवू का? हाताने काढू का? स्क्रबपण तेल आणि मीठ-साखरेवर टिकणारी वस्तू आहे, टिकण्यामागचं कारण अगदी तेच आहे, मग तिला वेगळी वागणूक कशाला.

आता साखर असताना बुरशी का धरते हा प्रश्न मला बरेच दिवस होता, कारण मुरांबा तर वर्षभर टिकतो. त्याचं असं आहे की साखर किंवा मीठ पाण्याला धरून ठेवतं, जंतूंना ते पाणी वापरता येत नाही. पक्क्या पाकात साधारण ६५-६७ टक्के साखर असते म्हणून तो टिकतो, आणि पाक कच्चा राहिला की मुरांब्याला फेस येतो, आंबतो. स्क्रबमधे पाण्याचे थेंब पडले की ते तेलाच्या खाली जातात, कारण पाणी तेलापेक्षा जड, आणि तिथे साखर विरघळून पातळ पाक तयार होतो. तळाला जी चिकट ओल दिसते ती हीच. वरून तेलाचा थर असल्यामुळे ते पाणी उडूनपण जात नाही. शिवाय पावसाळ्यात हवाच पाणी आणते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून ओलं व्हायला लागतं, साखरेचं तेच ८५ च्या आसपास होतं, आणि आपल्याकडे जुलैत हवा बहुतेक वेळ त्याच्या अलीकडे-पलीकडेच असते. मिठाच्या डब्यात आपण तांदळाचे दाणे टाकतो ते उगाच नाही. म्हणून मिठाचा स्क्रब पावसाळ्यात करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, खडेमीठ तर नाहीच नाही, ते सगळ्यात आधी पाणी सोडतं.

बरणी खराब झाली तर आधी वास घ्या, वासावरून बरंच कळतं. आपल्याकडे प्रत्येक वासाला वेगळा शब्द आहे ते इथे फार उपयोगी पडतं. खवट वास, म्हणजे जुन्या चिवड्यासारखा किंवा जुन्या खोबऱ्यासारखा, तर तेल गेलंय. त्यात पाण्याचा संबंध फारसा नसतो, मुख्यतः हवा आणि उजेड आणि उष्णता लागून तेल खवट होतं. सूर्यफूल, बदाम असली तेलं लवकर खवट होतात, खोबरेल आणि तिळाचं तेल बरंच टिकतं, म्हणून मी या दोनांच्या बाहेर जात नाही. व्हिटॅमिन ईचा उपयोग होतो तो फक्त इथे, तेल खवट होणं थोडं लांबतं. बुरशी आणि जंतूंवर त्याचा काहीही परिणाम नाही, हे माहीत नसल्यामुळे मी चार कॅप्सूल वाया घालवल्या आणि तुमच्यातल्याही कितीतरी जणी घालवत असणार.

आंबूस वास, दारूसारखा किंवा शिळ्या इडलीच्या पिठासारखा, आणि झाकण उघडताना हलकासा फुस्स आवाज, तर आतलं गोड आंबलंय. हे मध घातलेल्या स्क्रबमधे जास्त होतं. नुसता मध वर्षानुवर्षं टिकतो पण त्यात पाणी मिसळलं की आंबायला लागतो. आणि कुबट वास, बंद कपाटासारखा किंवा ओल्या भिंतीसारखा, तर बुरशी आहे, दिसत असो वा नसो. अशा वेळी वरचा थर चमच्याने काढून खालचा वापरू नका. पापडावर बुरशी आली तर काही जणी पुसून तळतात तसं इथे नको, कारण बुरशी आत पसरलेली असते आणि आपण तीच घासलेल्या, बारीक ओरखडे पडलेल्या अंगावर चोळतो. माझ्या धाकट्या जावेने असंच केलं होतं, तिच्या पाठीवर पुळ्या आल्या त्या बरं व्हायला तीन आठवडे लागले, डॉक्टरकडे जावं लागलं. शंभर-दीडशे रुपयांचं साहित्य असतं, टाकून द्या.

आता उपाय. मी जे करते ते असं की ओलं आणि कोरडं एकत्र साठवतच नाही. आणि नंतर विचार केला तर लक्षात आलं की आपलं उटणं हेच तर आहे. दिवाळीच्या उटण्याची पुडी वर्षभर कपाटात राहिली तरी तिला काही होत नाही, कारण ती कोरडी आहे, आणि नरक चतुर्दशीला पहाटे वाटीत काढून दुधात नाहीतर तेलात कालवतो ते तेवढ्यापुरतंच. उरलेलं परत पुडीत कोणी घालत नाही. आपल्या दमट हवेला धरून बसलेली पद्धत आहे ही, आणि आपण ती सोडून थंड कोरड्या देशातल्या काचेच्या बरणीतला तयार ओला स्क्रब ठाण्याच्या बाथरूममधे टिकवायला बघतो.

मी वर्षभर करून ठेवते ते मिश्रण सांगते. मसूर डाळ एक वाटी, जाड तांदूळ अर्धी वाटी, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड पाव वाटी, नागरमोथा आणि कपूरकाचरीची पूड दोन-दोन चमचे, आंबेहळद एक चमचा, थोडा वाळा. नागरमोथा वगैरे जांभळी नाक्याला काष्ठौषधींच्या दुकानात सुटं मिळतं, कौपिनेश्वर मंदिराच्या आसपास दोन-तीन दुकानं आहेत. तयार पुडीपेक्षा अख्खं घेऊन दळलेलं बरं, वास किती वेगळा येतो ते तुम्हालाच कळेल. पावसाळ्यात घेतलं असेल तर घरी आल्यावर आधी कढईत मंद आचेवर जरा गरम करून घ्या, सुगंधी मुळ्या अगदी जेमतेम, डाळ-तांदूळ तीन-चार मिनिटं. भाजायचं नाहीये, रंग बदलता कामा नये, फक्त आतली ओल जायला हवी. आणि मग पूर्ण गार होऊ द्या. इथे खूप जणी चुकतात, कोमट असतानाच मिक्सरला लावतात, मिक्सरनेपण गरम होतं, आणि तशीच गरम पूड डब्यात भरून झाकण लावतात, मग आतल्या आत वाफ धरते आणि पंधरा दिवसांत गुठळ्या आणि पोरकिडे. ताटात पसरून, वर पातळ कापड टाकून, पंख्याखाली एक तास ठेवा, मगच भरा.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. काचेची बरणी चालते पण झाकणातली ती रबराची किंवा पुठ्ठ्याची चकती काढून वेगळी धुवा आणि वेगळी वाळवा. पावसाळ्यात बरणी उन्हात वाळवायची सोय नसते, तर उकळतं पाणी फिरवून ओतून टाका आणि बरणी सरळ तोंड वर करून ठेवा, काच तापलेली असते त्यामुळे ओल उडून जाते. उपडी ठेवली तर वाफ आतच कोंडते. मी कित्येक वर्षं उपडीच ठेवायचे.

आंघोळीच्या आधी दोन चमचे पूड कोरड्या चमच्याने वाटीत, त्यात एक-दीड चमचा तेल नाहीतर दूध नाहीतर नुसतं पाणी. त्वचा कोरडी असेल तर तेल, तेलकट असेल तर पाणी किंवा ताक. झालं. वाटीतलं संपवायचं, उरलं तर पायाच्या टाचांना चोळून टाकायचं.

साखरेचाच हवा असेल, कारण त्याची मजा वेगळी हे मलाही मान्य आहे, तर मिक्सरमधे जराशी फिरवलेली साखर एका डब्यात, तेल बाटलीत, आणि लागेल तेव्हा तळहातावर एकत्र. दोन मिनिटांचं काम आहे. तरीही बरणीतच भरून ठेवायचा असेल तर आठवड्याला पुरेल एवढाच करा आणि स्वयंपाकघरात ठेवा.

वर तेल तरंगतं आणि खाली साखर दगडासारखी बसते, ही दुसरी तक्रार. हा बिघाड नाही. आपल्याकडच्या उष्णतेत तेल पातळ असतं, म्हणून ते वर येतं. बऱ्याच कृतींमधे दोन वाट्या साखरेला एक वाटी तेल लिहिलेलं असतं, आपल्याकडे तीन वाट्यांना एक पुरतं. वर आलेलं तेल ओतून टाकू नका, लोणच्यावरच्या तेलासारखं ते खालच्याला हवेपासून वाचवतं, कोरड्या चमच्याने ढवळून घ्या. आणि साखरेचा दाणा बघा. पोत्यावर एम-३० असतं ती जाड दाण्याची, एस-३० बारीक दाण्याची, वाण्याला विचारलं तर तो सांगतो. जाड साखर अंगाला टोचते, तिला मिक्सरमधे दोनदाच झटका द्यायचा. जास्त फिरवली की पिठीसाखर होते, ती पाण्यात क्षणात विरघळते आणि हाताला नुसतं तेल राहतं, मग आपण म्हणतो की स्क्रब लागतच नाही.

डिसेंबर-जानेवारीत उलटी तक्रार येते, की स्क्रब बरणीत घट्ट झालाय, चमचा वाकतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि येऊरच्या बाजूला थंडीत सकाळी तेवढा गारवा सहज असतो. खराब झालेलं नसतं. पण बरणी गरम पाण्यात ठेवून पातळ करायला जाऊ नका, तिथेच परत पाणी शिरतं. निम्मं खोबरेल निम्मं तिळाचं तेल घेतलं की गोठायचा त्रास बराच कमी होतो, आणि थंडीत तिळाचं तेल अंगाला बरं वाटतं.

कॉफीचा चोथा. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सध्या सगळ्या मुली हेच करतात, माझी लेकपण. फिल्टर कॉफी झाली की उरलेला चोथा ताटलीत ठेवायचा आणि संध्याकाळी तेलात मिसळून बरणीत. तो चोथा हाताला कोरडा वाटला तरी आत भरपूर पाणी असतं, आणि पावसाळ्यात ताटलीवर ठेवलेला चोथा दोन-तीन दिवसांत पांढरा होतो, तुम्ही ठेवून बघा. ताजा असेल तर लगेच वापरा, साठवायचाच असेल तर जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर अगदी सुट्टा, वाळूसारखा होईपर्यंत परता, आणि गार करून भरा. दुसरं म्हणजे नहाणी, म्हणजे बाथरूममधलं पाणी जायचं भोक. गेल्या जानेवारीत आमच्या बाथरूममधे पाणी साचायला लागलं, प्लंबरने जाळी काढून ट्रॅपमधे हात घातला तर मुठीएवढा काळा गोळा निघाला, कॉफीचा चोथा, गोठलेलं खोबरेल आणि केस, सगळं एकमेकांत गुंतलेलं, डांबरासारखं. चोथा पाण्यात विरघळत नाही आणि खोबरेल थंडीत पाइपात गोठतं. तेव्हापासून कॉफी वापरायची झाली तर नहाणीच्या जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा टाकायचा आणि नंतर तो चोथ्यासकट उचलून कुंडीत झटकायचा, हा घरातला नियम आहे. साखरेचा हा त्रास नाही, ती विरघळते, पण तेल असेल तर शेवटी तांब्याभर गरम पाणी नहाणीत ओतायचंच.

आणि फरशी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून कळकळीने सांगते. तेलाचा स्क्रब वापरून तुम्ही बाहेर आलात की तुमच्या मागे आंघोळीला कोण जातं ते बघा. आमच्याकडे सासूबाई गेल्या, पाय सरकला, नळ हाताला लागला म्हणून वाचल्या. वय ७१. मला त्या रात्री झोप आली नाही. तेलाचा थर टाइलवर दिसत नाही, पाण्याने जात नाही, उलट पाण्याने जास्त निसरडा होतो. त्यामुळे स्क्रब झाला की बेसन नाहीतर भांड्याचा साबण टाकून, ब्रशने घासून, गरम पाण्याने फरशी धुवूनच बाहेर यायचं, आणि स्वतः घासतानाही स्टुलावर बसून घासायचं. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर मी म्हणेन तेलाचा स्क्रब नकोच, दुधातलं नाहीतर पाण्यातलं उटणं वापरा.

अंगाची आग होते, लाल होतं, खाज येते, हे ज्यांना होतं त्यांनी तीन गोष्टी तपासा. एक म्हणजे किती जोरात आणि किती वेळा. आठवड्यातून एकदा पुरे, फार तर दोनदा, आणि जोर पोळीच्या पिठाला तेलाचा हात लावतो तेवढाच. मैल निघाला पाहिजे म्हणून घासत राहतो पण तो मैल नसतो, वरची त्वचाच असते, थोड्या वेळाने चांगली त्वचापण निघायला लागते. दुसरं, वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केलेल्या दिवशी काहीच चोळू नका, मीठ-लिंबू तर अजिबात नको. तिसरं म्हणजे लिंबू आणि खाण्याचा सोडा. लिंबाचा रस खूप आंबट असतो, त्वचेला तेवढं आंबट सोसत नाही, आणि लिंबाचा रस लागलेल्या अंगावर ऊन पडलं की काळे डाग येतात, कधी कधी फोडपण, ते महिनोन्महिने जात नाहीत. रंग उजळावा म्हणून लावतो आणि होतं उलटं. सोड्याचं तर, आपली त्वचा मुळात किंचित आंबट असते, आंबटपणा मोजायच्या पीएचच्या मापावर ५ च्या आसपास (आकडा जितका कमी तितकं आंबट), आणि सोडा ८ च्या वर, तो वारंवार चोळला की त्वचा कोरडी पडते, फुटते. मी दोन्ही काढून टाकलं. वास हवा तर संत्र्याच्या सालीचा पुरतो.

अक्रोडाच्या कवचाची पूड कोणी वापरत असेल तर बंद करा, तिचे कण टोकदार असतात, कितीही दळलं तरी. चेहऱ्याला साखरपण नको, तिथे मसुराचं मऊ पीठ दुधात कालवून नुसतं लावायचं आणि धुवायचं. आणि नवीन काहीही लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून एक दिवस थांबा, डाळींची, बदामाची, हळदीची सुद्धा ॲलर्जी असते काही जणांना.

कोरफड कुंडीतली ताजी घालता? ती पाण्यानेच भरलेली आहे, फ्रिजमधेसुद्धा दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. पान कापल्यावर उभं करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, खाज त्यानेच येते. गुलाबपाणी, दही, काकडी, केळं, सगळ्यालाच हे लागू, त्या दिवशी करा त्या दिवशी संपवा. तुळस, कडुनिंब, हळद घातली म्हणजे जंतू होत नाहीत असं समजून बरणी भरून ठेवू नका, त्या प्रमाणात त्यांचा तेवढा जोर नसतो. बाजारातल्या पाणी असलेल्या स्क्रबमधे प्रिझर्व्हेटिव्ह असतं म्हणून ते टिकतात.

हळदीचे डाग टॉवेलला लागले आणि साबण लावल्यावर लाल झाले तर घाबरू नका, साबण क्षारयुक्त म्हणून हळद लाल होते. धुवून कडक उन्हात टाका, उन्हाने हळद फिकी होत जाते. पावसाळ्यात ऊनच नसतं म्हणून त्या चार महिन्यांत मी हळद घालत नाही, किंवा जुना पंचा वापरते.

दंडावर आणि मांड्यांवर बारीक खरखरीत दाणे असतात, कोंबडीच्या कातडीसारखे, ते स्क्रबने जात नाहीत अशी तक्रार बऱ्याच जणींची असते. ते जाणारच नाहीत, घासून घासून लाल होतील फक्त. केसांच्या मुळाशी त्वचा साचून ते होतात, त्यांना घासण्यापेक्षा अंग ओलं असतानाच चांगलं मॉइश्चरायझर लावलेलं बरं, आणि फारच वाटलं तर त्वचेच्या डॉक्टरकडून युरिया असलेलं क्रीम लिहून घ्या. तसंच मानेचा काळेपणा. मान मखमलीसारखी जाडसर आणि काळी दिसत असेल, काखेतही तसंच असेल, तर तो मळ नाही. शरीरात इन्सुलिनचं गणित बिघडलं की असं होऊ शकतं, म्हणून घासत बसू नका, रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्या. आमच्या नात्यातल्या एका मुलीला सगळे मान घास, मान घास म्हणून बोलायचे, ती रोज दगडाने घासायची बिचारी, रक्त यायचं. तपासणी केली तेव्हा कळलं. मुलींना असं बोलू नका प्लीज.

संत्र्याची साल वाळवण्याबद्दल विचारतात त्यांच्यासाठी. पावसाळ्यात वाळवायचा प्रयत्नच करू नका, वरून वाळते, आत ओली राहते आणि पूड केल्यावर डब्यात बुरशी धरते. फेब्रुवारी-मार्चमधे नागपूरची संत्री मुबलक असतात आणि ऊनपण असतं, तेव्हाच वर्षाची करून ठेवायची. साल सोलल्यावर आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, बोटाएवढे तुकडे करा, आधी दोन दिवस सावलीत आणि मग तीन-चार दिवस उन्हात. आमच्या सोसायटीची गच्ची बंद असते तर मी आईकडे नौपाड्याला पाठवते, तिच्या बाल्कनीत दुपारचं ऊन येतं. वाळली की नाही ते बघायला एक तुकडा कानाजवळ धरून मोडा, पापडासारखा कट्टकन आवाज आला पाहिजे. वाकला किंवा चामड्यासारखा ताणला गेला तर अजून एक दिवस. यंदाची साल मी वीस मार्चला डब्यात भरली, डब्यावर मार्करने तारीख लिहिली, आत कोरड्या तांदळाची छोटी पुरचुंडी टाकली, आणि आज जुलै संपत आला तरी डबा उघडला की पहिल्या दिवसासारखा वास येतोय.